मागच्या सीटवरचे रेवणअण्णा

रेवणअण्णा गाडी बघायला आले की गाडीकडे बघत नसत. मालक बॉनेट उघडून उभा असे, एजंट टायरवर लाथ मारून दाखवत असे, आणि अण्णा मागचं दार सरकवून सरळ मागच्या सीटवर जाऊन बसत. धोतर सावरायचं, दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, चालवा. पर दमानं." गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम डवरलेला असे. गाडी कुठल्या कंपनीची, किती पळालेली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. खाली उतरून ते फक्त एवढंच सांगत, की भ्या वाटलं का नाही. आणि भ्या त्यांना दर वेळी वाटे.

"अण्णा, पुढं बसा की. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलं म्हणजे गाडी कळते," मी एकदा म्हणालो.

"चालवनाऱ्याला काय कळतंय? त्याच्या हातात चाक असतंय, पायात बिरेक असतंय. ज्याच्या हातात कायच न्हाय त्यो मागं बसतो. वैनी कुटं बसनार हायत?"

वैनी म्हणजे माझी आई. तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला राहतो. अण्णांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. घोषणा ठरलेली असे, पण अण्णा शेवटी आपलं एक वाक्य चिकटवत, "सावकास जावा." साहेबांनी समज दिली. अण्णा काही दिवस गप्प राहिले आणि मग माइक बंद करून तेच वाक्य पुटपुटू लागले. निवृत्त झाल्यावरही दुपारी अंगणात बसले की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाकडे बघून त्यांचे ओठ हलत.

ते कशालाही भीत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी स्वयंपाकघरातून बाहेर येत. वारा सुटला की विजेच्या तारांखालून जात नसत. त्यांच्या पत्नी निलाक्का हसायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या लग्नात बी हे मांडवाचा खांब हलवून बगत हुते, पडंल का म्हनून." गल्लीतल्या लोकांना वाटे की या माणसाच्या आयुष्यात कधीतरी काही भयंकर घडलं असणार. मीही एकदा धीर करून विचारलं. अण्णा ओशाळले. "कायच न्हाय घडलं रे. मी बारक्यापनापस्नं आसाच हाय." मला ते उत्तर फार आवडलं. भित्र्या माणसाला आपण कारण मागतो. शूर माणसाला कुणी मागत नाही.

आईच्या किडन्या निकामी झाल्या आणि आमच्या घरात भीती कायमची राहायला आली. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, सोलापुरात डायलिसिसला न्यायचं. तो दिवस चुकवायचा नाही. चुकला तर अंगात पाणी साठतं, ते छातीत शिरतं आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. जाताना ती कशीबशी बसे. येताना तिच्यात काही उरलेलं नसे. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळी आणि मी दुसरीकडे बघत असे.

त्याच सुमारास मी ज्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात होतो तो बंद पडला. तेव्हा हा विचार सुचला. कुंभारीतून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून अशी आणखी काही माणसं त्याच दवाखान्यात जात होती, सगळी अशीच हाल काढत. एक छोटी, जुनी पण भरवशाची व्हॅन घ्यायची, परवाना काढायचा, आणि आईबरोबर त्यांनाही न्यायचं-आणायचं. माझं पोट चालेल आणि आईचा दिवस चुकणार नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "आजारी मानसं? आनि वाटंत बंद पडली तर? उन्हाचं?" एवढं बोलून ते घरात गेले, टोपी घालून बाहेर आले आणि म्हणाले, "चल. मी येतो संगं."

मग आमची वणवण सुरू झाली. आमच्या ओळखीचे इक्बाल मिस्त्री इंजिन बघत, मी कागद बघत असे आणि अण्णा मागे बसून भीत. एका गाडीचं दार आतून उघडत नव्हतं. "आग लागली तर?" म्हणून ती गेली. एकीला गॅसचं किट होतं. त्याचा वास आला की नाही कोण जाणे, पण अण्णा चालत्या गाडीतूनच "ब्याडा, ब्याडा!" म्हणून ओरडले. घाबरले की ते कानडीत जात. ब्याडा म्हणजे नको. एजंट लोक आम्हाला ओळखायला लागले. अण्णा दिसले की एकमेकांना कोपराने ढोसत. मीही मनातून वैतागलो होतो. माझी बायको तर स्पष्ट म्हणाली, "अण्णांना बरोबर नेलंत तर आपल्याला विमानच घ्यावं लागेल, आणि तेही त्यांना पसंत पडणार नाही."

आणि मग उजनीच्या काठावरच्या एका गावातली गाडी समोर आली. पांढरी, स्वच्छ, एकाच मालकाच्या हातची. मालक केळीचा बागायतदार. इक्बाल मिस्त्रींनी इंजिन ऐकलं, खाली वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. डॅशबोर्डवर गणपती चमकत होता. अण्णा मागे बसून बांधापर्यंत जाऊन आले. घाम होताच, पण या वेळी त्यांना नको म्हणायला काही सापडेना. मी मनात आईला त्या सीटवर बसवूनही टाकलं होतं.

आमच्याकडे गाडी विकताना घरातली बाई येते. गाडीला हळदकुंकू लावते, डॅशबोर्डवरचा देव काढून पदरात घेते, आणि मगच किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते. इथे एजंट किल्ली पुढे करून उभा होता आणि मालकाची बायको ओसरीवरून हलत नव्हती. अण्णांनी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. तांब्या हातात घेऊन ते अगदी सहज म्हणाले, "ताई, देव काडून घेता न्हवं? मग आमी निगतो."

ती गोंधळली. नवऱ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "त्यो देव आमचा न्हाई, बाबा," ती म्हणाली. "आमचा खंडोबा गाडीसंगट पान्यात गेला की."

"कसल्या पान्यात?"

"धरनाचं पानी चडलं तवा. टपापतूर बुडाली व्हती गाडी. वडून काडली तवापस्नं मी तिच्यात पाय न्हाई ठिवला."

मालक खाली बघू लागला. एजंट फोन काढून बाजूला गेला. इक्बाल मिस्त्रींनी पुढच्या सीटच्या पायाजवळचा गालिचा उचकटला, तारांचा एक जुडगा ओढून बोटाने सोलला आणि मला दाखवला. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. "दिलीपभाय, ये अंदर से सडती. उप्पर से दिखती नै," ते हळूच म्हणाले. "आज चलेगी, कल चलेगी, फिर कहाँ रुकेगी क्या मालूम."

अण्णांनी तांब्या तसाच भरलेला ओसरीवर ठेवला. परतीच्या एसटीत त्यांनी माझा हात धरून ठेवला. मला वाटलं, ते मला धीर देताहेत. नंतर लक्षात आलं, ते स्वतःला सावरत होते.

त्यानंतर त्यांनी मला आणखी किती गाड्या नाकारायला लावल्या असत्या, देव जाणे. पण मधेच आमचा रोजचा रिक्षावाला न सांगता लग्नाला गावी गेला. मी सकाळभर दुसऱ्यांची दारं ठोठावली. आईचा दिवस चुकला. उद्या संध्याकाळी आणा, असं दवाखान्यातून सांगितलं, म्हणून मी जरा निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाच्या ताटावरून उठली आणि भिंतीला टेकून उभीच राहिली. बसता येईना, निजता येईना. तोंड उघडं, ओठ निळे, आणि छातीतून पाण्यात बुडबुडे फुटावेत तसा आवाज. तिने माझा शर्ट मुठीत धरला होता. बोलता येत नव्हतं, पण तिचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि अजूनही तो आवाज आठवला की मी उठून बसतो.

गल्लीतून सिमेंटची पोती भरलेला एक टेंपो चालला होता. अण्णा त्याला आडवे गेले. तारांखालून न जाणारा माणूस टेंपोच्या चाकापुढे हात पसरून उभा राहिला आणि "पोती ऱ्हाऊ दे, मानूस मरायलंय!" म्हणून ओरडला. आम्ही आईला सिमेंटच्या धुळीत बसवून नेलं. अण्णा तिला पाठीमागून कवटाळून बसले होते. ती वाचली. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डाबाहेर बाकावर अण्णा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन बसले होते. टोपी काढून त्यांनी ती मांडीवर झटकली. मग म्हणाले, "दिलीप, माजं चुकलं. हाय त्या गाडीला मी भेत ऱ्हायलो. नसलेल्या गाडीला भ्यायला पायजे हुतं."

पुढच्याच आठवड्यात आम्ही सोलापूरच्या पूर्वभागात एका पद्मशाली विणकर कुटुंबाची व्हॅन बघायला गेलो. चादरींचे गठ्ठे वाहून तिची एक बाजू चेपलेली, रंग उडालेला. इक्बाल मिस्त्रींनी क्लच झिजलाय, बदलावा लागेल, हे पहिल्याच फेरीत सांगितलं आणि मालकानेही ते कबूल केलं. अण्णा मागे बसले. गाडी मार्कंडेयाच्या देवळापर्यंत जाऊन आली. अण्णा उतरले.

"भ्या वाटलं का?" मी विचारलं.

"लई." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "घे."

घरातली म्हातारी बाहेर आली, तेलुगूत काहीबाही बोलत तिने डॅशबोर्डवरचा देव काढला, ओल्या डोळ्यांनी पदरात गुंडाळला आणि गाडीच्या दारावरून हात फिरवला. अण्णांनी तिला वाकून नमस्कार केला.

गाडी आजतागायत धावते आहे. सुरुवातीचे कितीतरी दिवस अण्णा रोज बरोबर येत. आईच्या शेजारी बसत, माणसं उतरेपर्यंत दवाखान्याच्या फाटकात थांबत, मला ब्रेकचं तेल बघायला लावत. दर वळणावर त्यांचं "अय्यो" ऐकू येई. पेशंट त्यांची थट्टा करत, पण ते आले नाहीत की विचारत, "आज अण्णा न्हाईत व्हय? मग आमच्यासाठी कोन भिनार?" मला मात्र हसू येत नसे. आरशात मला आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलेलं दिसे, आणि माझे हात स्टिअरिंगवर आणखी आवळले जात.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. पहाटे निलाक्का चहा घेऊन उठवायला गेल्या तर ते नव्हते. कुठला अपघात नाही, आग नाही, तार तुटली नाही. ज्याला ते जन्मभर भ्याले त्यातलं काहीही आलं नाही.

नेमका तो आईचा दिवस होता. अण्णांना लिंगायतांच्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात हार. बाहेर भजन सुरू झालं होतं. मी दारात उभा होतो. माझ्या दारात आई काठी धरून उभी होती, आणि पुढच्या वाडीवरची माणसं रस्त्याला येऊन बसली असणार हे मला ठाऊक होतं. खांदा द्यायचा की किल्ली उचलायची, काही सुधरेना. निलाक्का रडता रडता थांबल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हितं काय करतोस? जा तू. तुजी वेळ चुकली तर ह्यांना तितं मातीत बी चैन पडायची न्हाय."

मी गेलो. माणसं घेत, अगदी हळू. मागच्या सीटवरची एक जागा रिकामी होती आणि कुणीही तिच्यावर बसलं नाही, अवघडून बसलेल्या म्हाताऱ्यालाही कुणी तिकडे सरकायला सांगितलं नाही. सगळा रस्ता मला वाटत होतं, आज काहीतरी होणार. आज भिणारा माणूस गाडीत नाही, तर आज नक्की होणार.

परत आलो तेव्हा अण्णांना माती दिली होती. त्यांच्या शेताच्या कडेला ताजा ढीग, त्यावर बेलाची पानं, माणसं पांगलेली. आईने मला गाडी बांधाजवळ उभी करायला सांगितली. तिला उतरायचं होतं, पण पायांत बळ नव्हतं. मी दार सरकवून दिलं. तिने सीटवरूनच हात जोडले, आणि स्टँडवरच्या खिडकीतल्या माणसाला ऐकू जावं एवढ्या आवाजात म्हणाली, "अण्णा, आम्ही पोचलो हो. सगळे पोचलो."