कमरेत जरा आत

टेलरबाईंचा हात गल्लीत सगळ्यांना ठाऊक. उसवलेलं त्या असं जोडायच्या की मूळ शिवण कोणती हे शोधूनही सापडू नये. त्याच हातानं त्यांचा घात केला. एकुलत्या एका लेकीचं अन्नावरचं मन उडालं, ती वाळत गेली, आणि आई तिचे कपडे शिवणीत गुपचूप आत घेत राहिली. कपडे अंगावर नीट बसत, म्हणून नवऱ्याला काही दिसलं नाही. बाईंनाही दिसलं नाही, किंवा बघायचं नव्हतं म्हणा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी जिन्यात चक्कर येऊन कोसळली, तेव्हा ती मूठ उघडली.

लेक दवाखान्यातून घरी आली, पण आजार सोबत घेऊनच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी घरं पुष्कळ आहेत, एकमेकांशी बोला. बाईंनी दुकानाच्या काचेवर कागद लावला: 'घरात कुणी जेवत नसेल तर रविवारी दुपारी या. चहा मिळेल, सल्ला नाही.' खुर्च्या मांडल्या. रविवारमागून रविवार गेले, चिटपाखरू फिरकलं नाही. लोक मात्र बोलले: स्वतःची पोर सांभाळता येईना आणि निघाल्या जगाला शहाणं करायला. बाईंना ते फार लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं.

मग एका रविवारी कोपऱ्यावरचे बेकरीवाले आले, मुलाची पॅन्ट घेऊन. काचेवरचा कागद पाहिलाच नाही असं दाखवत म्हणाले, कमरेत जरा आत घ्या. बाईंनी पॅन्ट उलटी केली. ती आधीही एकदा आत घेतलेली होती.

"हे मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "लेकीचे कपडे असेच आत घेत गेले, ती पडेपर्यंत. बसा."

बेकरीवाले बसले. चहा निवला तरी कप उचलेनात.

"गल्लीभर पाव पुरवतो मी," ते शेवटी म्हणाले, "आणि माझं पोरगं वासानंच उठून जातं. मी ताटासमोर बसतो, शपथा घालतो, घास मोजतो."

आतल्या खोलीचा पडदा सरला. लेक दारात उभी होती. एरवी ती कुणासमोर येत नसे.

"काका, त्याच्या ताटाकडे बघू नका," ती म्हणाली. "शेजारी बसा. दुसरं काहीतरी बोला."

बेकरीवाल्यांनी मान हलवली. टेलरबाई पॅन्टची घडी घालत राहिल्या. लेक घरी आल्यापासून प्रत्येक जेवणाला त्या तिच्या समोर बसत होत्या, ताटावर नजर लावून.

त्या संध्याकाळी त्यांनी आपलं ताट लेकीच्या शेजारी वाढून घेतलं आणि बेकरीच्या भट्टीबद्दल काहीबाही बोलत राहिल्या. लेकीनं किती खाल्लं, ते त्यांना कळलं नाही.