मधल्या खोलीतला समुद्र

मी समुद्र पाहिलेला नाही. पण तो माझ्या मधल्या खोलीत, चार फुटी काचेच्या टाकीत राहतो आणि त्याला गार ठेवायचं काम माझ्याकडे आहे. बाहेर हिंगोलीचं ऊन चव्वेचाळीसला टेकलं, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, तरी टाकीतलं पाणी सत्तावीस अंशांच्या आसपासच राहिलं पाहिजे. तिशीच्या पुढे गेलं की प्रवाळ रंग टाकतात, पांढरे पडतात आणि हळूहळू मरतात. दिसायला ते दगडच. पण त्यांना जीव असतो, ते उघडतात, मिटतात, खातात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

टाकी लेकीची. ती पुण्याला नोकरीला गेली तेव्हा भांडून गेली. एक चांगलं स्थळ तिनं नाकारलं आणि मी तोंडाला येईल ते बोलले. माझं तोंड असंच आहे, आधी सुटतं आणि मग मी त्याच्या मागे धावते. चार महिने तिनं मला फोन केला नाही. वडिलांना करायची, टाकीचं खाणंपाणीही तेच बघायचे. मग फेब्रुवारी संपता संपता ऊन चटके द्यायला लागलं आणि एका दुपारी माझ्या फोनवर तिचं नाव उमटलं. नमस्कार ना चमत्कार.

"आई, टाकी किती हाय?"

मी धावत जाऊन काचेवरच्या तापमापकाचा आकडा वाचला. "सव्वीस आन् वर थोडं."

"मंग आजपासून पंखे लाव," म्हणाली आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एवढंच बोलणं, पण रोज. मी खोटं कशाला बोलू, तो फोन यावा म्हणून मी टाकी जपायला लागले. आतल्या त्या दोन नारिंगी माशांशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

पाणी गार करायची रीत तिनं फोनवरच शिकवली. टाकीच्या काठावर दोन लहान पंखे लावायचे आणि वारा पाण्यावर सोडायचा. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ती म्हणाली, समुद्रकाठच्या गावात ही युक्ती फारशी चालत नाही, तिथली हवाच ओली. आपली हवा कोरडी ठणठणीत, म्हणून आपल्याकडे चालते. मला याचा उगाच अभिमान वाटला. जिथं समुद्र नाही तिथंच तो फुकटात गार होतो म्हणायचा! फक्त खिडक्या लावून त्या खोलीत कूलर चालवायचा नाही, नाहीतर हवा दमट होऊन पंख्यांचा गुण जातो. म्हणून आमचा कूलर बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याच्या मागोमाग हेही गेले. दिवसाला जवळजवळ बादलीभर पाणी उडायचं. तेवढं फिल्टरचं गोडं पाणी भरायचं, कारण मीठ उडत नाही, ते खालीच राहतं.

हे, म्हणजे माझे यजमान, मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या आडतीवर काम करतात. त्यांना या सगळ्याची गंमत वाटायची. "सिद्धेश्वरच्या धरणातले आणले असते तर तळून तरी खाल्ले असते," असं ते जेवताना हटकून म्हणायचे. आणि हात धुऊन टाकीपुढे येऊन बसायचे.

दुपारी मी एकटीच असायची. दारं लावलेली, अंगाखालची फरशीसुद्धा कोमट. दिवे गरम होतात म्हणून ते दुपारी बंद आणि संध्याकाळी चालू, असा आमच्या समुद्राचा दिवस उलटा केलेला. अंधुक उजेडात पाणी राखाडी दिसायचं. पंख्यांची घरघर, पाण्याची खळखळ. मी टाकीपुढे चटई टाकून आडवी व्हायची आणि डोळा लागतो ना लागतो तोच खोलीला भिंती राहायच्या नाहीत. कपाट, देव्हारा, दोरीवरचे कपडे सगळे पाण्यात संथ हलायचे. लेक कधी सात वर्षांची असायची, कधी आताची, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे पाठ करून काहीतरी निरखत असायची. मी हाक मारायची, तर तोंडातून नुसते बुडबुडे निघायचे. जाग आली की दोन वाजायला आलेले असायचे आणि मी पदरानं तोंड पुसून आकडा वाचायला उठायची.

संध्याकाळी निळे दिवे लागले की प्रवाळ फुलायचे. त्यात एक लेकीचा लाडका होता. बोटांसारखी हिरवी टोकं असलेला, पाण्याबरोबर डुलणारा. त्याच्याकडे बघता बघता माझ्या पोळ्या करपल्यात. माशांशी देणंघेणं नव्हतं असं मी वर म्हटलं खरं, पण ते मार्चपर्यंतचं.

मे महिन्यात एका संध्याकाळी वादळी वावधान सुटलं. गारा पडल्या नाहीत, पण कळमनुरीच्या रस्त्याला खांब आडवे झाले आणि लाईट गेली. रात्रभर इन्व्हर्टरनं ओढलं. दुसऱ्या दिवशी अकराला तोही बंद पडला. पंखे थांबले, पाणी हलायचं थांबलं. अशी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. साडेबाराला आकडा तीसच्या पुढे गेला.

मला एकच सुचलं, जे आमच्याकडे कुणालाही सुचेल. उन्हाळ्यात माठाला ओलं पोतं गुंडाळतो, तसं टाकीला गुंडाळायचं. मागच्या पडवीत मोंढ्यातून आलेल्या पोत्यांची चळत होती. दोन भिजवली, टाकीभोवती आवळली, घसरू नयेत म्हणून वरचा काठ आत दुमडला. मग तांब्यातांब्यानं पाणी शिंपडत आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. आकडा उतरेना, पण चढेनाही. मला वाटलं, जमलं.

तासाभरानं काठावरून आत डोकावले. पाणी पिवळं झालं होतं.

पोती हळदीची होती. आमच्या घरात पोतं म्हणजे हळदीचंच. यांच्या शर्टाच्या कॉलरला हळद, गादीला हळद, घराच्या उंबऱ्याला हळद. इतकी वर्षं त्या रंगात राहिल्यावर तो रंग आम्हाला दिसेनासा झाला आहे. दुसऱ्या कुणीही पोतं आधी झटकलं असतं, धुतलं असतं. मी शिंपडलेला प्रत्येक तांब्या दुमडलेल्या काठावरून हळद घेऊन आत उतरला होता. तो बोटांचा हिरवा प्रवाळ पार आकसून गेला होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"किती हाय?"

सत्तावीस म्हणावं असं वाटलं. तोंडात आलाही होता तो शब्द. पण म्हणाले, "मी तुझी टाकी नासवली गं," आणि सगळं सांगितलं.

ती रागावली नाही. पोतं काढ म्हणाली, कोळशाची पिशवी आहे ती पाण्यात सोड, रंग ओढून घेईल, आणि मग्यानं पाणी वर उचलून परत ओतत राहा, हवा मिळू दे. यांना मी मोंढ्यातून बोलावून घेतलं. लाईट येईपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, आम्ही दोघं आळीपाळीनं मगे ओतत होतो. धरणातल्या माशांचं नाव त्या दिवशी यांनी काढलं नाही.

लेक दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. बॅग न उतरवता टाकीपुढे बसली. पाणी बरंच निवळलं होतं, दोन्ही नारिंगी मासे फिरत होते, बहुतेक प्रवाळ अर्धवट उघडले होते. हिरवा मात्र गेला होता. त्याचा पांढरा सांगाडा तिनं हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरला. मग माझ्याकडे वळली. पुठ्ठा धरून माझ्या बोटांना फोड आले होते, ते तिनं बघितले.

"आई, ही टाकी आता देऊन टाकू. नांदेडला एक जण घेतो म्हणतोय. तुला लई तकलीफ होऊन राहिली."

माझं तोंड पुन्हा आधी सुटलं. "दे. देऊन टाक. मंग मला फोन काहून करशील?"

बोलले आणि मला रडू कोसळलं. चार महिन्यांचं आणि त्या आधीचंही.

ती हसली नाही, जवळही आली नाही. सांगाडा फरशीवर ठेवला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "मला तरी दुसरं काय इचारता येतंय, आई? तू कशी हाय इचारलं की आपलं भांडण होतं. किती हाय इचारलं की तू बोलतीस."