तुळशीराममामांची सहा वाद्यं आणि कोराडीची एक फेरी

नागपूरला जायचं ठरलं ते चिवड्यामुळे. दिवाळी झाल्यावर उरलेला चिवडा डब्यात भरता भरता सासूबाई सहज म्हणाल्या की त्यांचा धाकटा भाऊ तुळशीराम खडी गंमतीत सहा वाद्यं वाजवायचा. मी या घरात सत्तावीस वर्षं आहे, आणि ही माहिती मला आत्ता मिळते. या मामांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते फोनवर फार मोठ्यानं बोलतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खडी गंमत ही आमच्या सासरच्या मुलखातली, विदर्भातली लोककला. शाहीर गातो, नाच्या नाचतो आणि वादक मागे उभे राहून वाजवतात. बसायचं नाही, म्हणून खडी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाच्या जत्रा भरतात, तोच हिचा हंगाम.

मी शाळेच्या ऑफिसात नोकरी केलेली बाई. एखादी गोष्ट कानावर आली की तिची फाइल उघडल्याशिवाय मला जेवण जात नाही. नाशिकहून फोन करून मी सीताबर्डीवर एक स्टुडिओ ठरवला. माझी योजना अशी: मामाजी सहाही वाद्यं एकामागून एक वाजवतील, स्टुडिओवाला ती एकावर एक बसवील, आणि एकट्या माणसाची अख्खी पार्टी तयार होईल. पार्टी म्हणजे इकडे कलाकारांचा संच. ही योजना नवऱ्याला ऐकवली तेव्हा तो म्हणाला, "मामाला विचारलंस का?" ते मी यादीत चौथ्या क्रमांकावर ठेवलं होतं.

सकाळी नागपूर स्टेशनवर उतरले. जाणाऱ्यांसाठी सूचना: रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा स्टेशनजवळून मेट्रो घ्या, स्वस्त आणि गार. मी प्रजापतीनगरला उतरले आणि पुढे शेअर ऑटोनं पारडीला मामाजींच्या घरी. वाटेत तर्री पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट. पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात त्याला तर्री म्हणतात. मी ऐटीत "तर्री जास्त" म्हणाले आणि पुढचा अर्धा तास ऑटोत नाक पुसत बसले. ऑटोवाल्याला वाटलं मी माहेर सोडून आले. त्यानं गाणी बंद केली.

मामाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उंच, सडपातळ, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मामी त्यांच्या निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट आवाजाच्या. जेवताना मी वही काढली आणि विचारलं, सहा वाद्यं शिकलात कोणाकडे? मामाजी म्हणाले, "कोणाकडे नाही. पेटी मी पेटीवाल्याच्या काविळीत शिकलो."

मग सगळी कारकीर्द त्याच हिशेबानं उलगडली. ते पार्टीत आले ते सामान उचलायला. पेटीवाला काविळीनं पडला, दोन दिवसांवर मंडई, म्हणून यांच्या गळ्यात पेटी अडकवली. क्लॅरिनेटवाल्याला लग्नसराईत बँडवाले पळवून न्यायचे, तेव्हा ते क्लॅरिनेट वाजवायचे. डफवाला सरपंच झाला आणि त्याला डफ हलका वाटायला लागला. टाळवाल्याला बायकोनं पार्टी सोडायची शपथ घातली. तुणतुणंवाला तर चालू कार्यक्रमात झोपायचा. ज्याची जागा रिकामी पडली तिथे तुळशीराम. तो माणूस परत आला की वाद्य पुसून त्याच्या हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं. चाळीस वर्षं हे असं. पार्टीच्या पत्रकावर यांचं नाव कधी छापलं नाही, कारण छापायला जाताना यांचं वाद्य कोणतं हे कोणालाच सांगता यायचं नाही.

"आणि ढोलकी?" मी विचारलं. ढोलकी सहावी होती. मामाजींनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि विषय गुडघ्यांकडे नेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामाजींनी मागून आणलेली सहा वाद्यं घेऊन मेट्रोनं सीताबर्डीला निघालो. हा प्रवास कोणी करू नये. तपासणीच्या यंत्रातून ढोलकी गेली, डफ गेला, पेटीपाशी यंत्र थांबलं. गार्डनं क्लॅरिनेटचं खोकं उघडायला लावलं आणि मामाजींना विचारलं, हे वाजते का. मामाजींनी वाजवून दाखवलं. मागच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवल्या, तेव्हा गार्डनं घाईघाईनं आम्हाला आत सोडलं.

स्टुडिओ व्हरायटी चौकाजवळ, कपड्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, गुडघेवाल्यांनी सावकाश जावं. स्टुडिओवाला पंकज हा तिशीतला, अतिशय नम्र माणूस. त्यानं मामाजींना खुर्ची दिली. त्यांनी ती भिंतीला लावली. त्यानं पुन्हा दिली, त्यांनी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा मी पंकजला माइक उंच करायला सांगितला.

पाच वाद्यं दुपारपर्यंत उरकली. मजा सुरू झाली ती त्यानंतर. पंकजनं त्यांच्या कानांना हेडफोन लावून त्यांचीच पेटी ऐकवली. मामाजी खूश होऊन म्हणाले की पेटीवाला चांगला आहे, कुठला आहे? तुणतुणंवाला मात्र त्यांना आळशी वाटला. ते स्वतःच आहेत हे त्यांना कळत होतं, पण कानांवर काही ते उतरत नव्हतं. जन्मभर ते ज्यांच्या जागी उभे राहिले ती माणसं आज हेडफोनमध्ये आली होती आणि ते त्यांच्यावर मुकादमी करत होते.

मग ढोलकी. पहिला प्रयत्न मला झकास वाटला. मामाजी म्हणाले, "याले काढा." दुसरा, तिसरा, सहावा, सगळ्यांना तेच. नवव्यांदा पंकजनं माझ्याकडे पाहिलं. मी शाळेतल्या आवाजात म्हणाले, मामाजी, आता हे पुरे, मला उद्या सावजी मटण खायचंय आणि परवा परत जायचंय.

मामाजींनी ढोलकी सोडली आणि त्या भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांना वाद्यांपाशी बसलेलं पाहत होते. "सूनबाई," ते म्हणाले, "सगळ्यायच्या जागा मी परत दिल्या. कावीळ बरी झाली, पेटी दिली. लगन सरले, क्लॅरिनेट दिलं. श्रावणची नाही दिली."

श्रावणजी पार्टीचे ढोलकीवाले आणि मामाजींचे जिवाभावाचे मित्र. त्यांना कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागली, तेव्हा ढोलकी मामाजींकडे आली. पुढच्या मंडईला श्रावणजी मुद्दाम रजा काढून बसनं आले आणि स्टेजच्या कडेला येऊन उभे राहिले. मामाजींनी त्यांना पाहिलं. रिवाजाप्रमाणे ढोलकी उतरवून त्यांच्या हातात द्यायची. मामाजींनी डोळे मिटले आणि वाजवत राहिले. "मस्त वाजत होती ना," ते म्हणाले, "सोडवेना." डोळे उघडले तेव्हा श्रावणजी निघून गेले होते. याला पंचेचाळीसेक वर्षं झाली. दोघं त्यानंतर बोलले नाहीत.

माझी योजना मी त्याच क्षणी गुंडाळली. सहा वाद्यं एका माणसाकडून वाजवून घेणं हा मला पराक्रम वाटत होता. त्यांना पाचच वाजवायची होती.

तिसऱ्या दिवशी कोराडी. सीताबर्डीहून बस मिळते, तासाभरात पोचता. खिडकी बंद ठेवा, कोळशाचे ट्रक सोबतीला असतात. निघण्याआधी मामाजींनी पानाच्या ठेल्यावर विडा बांधून घेतला. जुनी पद्धत अशी की वादकाला पार्टीत बोलवायचं तर विडा द्यायचा. घेतला की यायलाच हवं. पानवाला विचारत होता, मीठा की सादा, चेरी लावू का. मामाजी त्याच्याकडे असे बघत होते की त्यानं चेरीचा डबा आपणहून मागे ठेवला. विडा मामींच्या छोट्या स्टीलच्या डब्यात बसला.

उतरल्यावर मी पत्ता विचारायला पुढे झाले, तर मामाजी न विचारता चालू लागले. दुसरी गल्ली, पिंपळानंतर डावीकडे, हिरवं फाटक. ते याआधी तीनदा इथपर्यंत येऊन परत गेले होते.

श्रावणजी अंगणातच होते. ठेंगणे, गोल, बनियन आणि लुंगी. त्यांनी मामाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खुर्च्या आणायला सांगितल्या. खुर्च्या आल्या. पण दोघांपैकी आधी बसायला कोणी तयार होईना. श्रावणजींच्या बायको दोनदा "बसा ना" म्हणाल्या. शेवटी मी एकटीच बसले आणि चहा येईपर्यंत दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये मान वर करून वाट पाहत राहिले.

मामाजींनी डबा पुढे केला. श्रावणजींनी घेतला नाही. त्यांनी मला विचारलं की हे कशासाठी. मी सगळं सांगितलं आणि मोबाइलवर पंकजनं पाठवलेला नववा प्रयत्न लावला. त्यांनी कान फोनला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

"हात बरा आहे," ते मला म्हणाले. "पण भिऊन वाजवून राहिला."

"भिऊनच राहिलो गा," मामाजी म्हणाले. "तू कडेले उभा हायस असंच वाटते मले. माह्या हातून चूक झाली."

मला रडू येत होतं आणि माझ्याजवळ दोष द्यायला तर्रीही नव्हती. मग श्रावणजींनी डबा उघडला, विडा पाहिला आणि आत आवाज दिला की खलबत्ता आण. त्यांना दात नव्हते. त्यांच्या बायको विडा कुटायला बसल्या. तो चांगला कुटून, वाटीत येऊन, चमच्यानं त्यांच्या तोंडात जाईपर्यंत मी आणि मामाजी टक लावून पाहत होतो. गिळल्यावर ते म्हणाले, "सकाळी किती वाजता?"

चौथ्या दिवशी तो अरुंद जिना दोघं एकमेकांना आधार देत चढले. आधार कोण कोणाला देतोय यावरून पहिल्या मजल्यावर थोडी बाचाबाची झाली. श्रावणजींनी ढोलकी कमरेला बांधली. मामाजी त्यांच्या शेजारी रिकाम्या हातांनी उभे. त्यांना त्या हातांचं काय करावं कळेना. आधी मागे बांधले, मग खिशात घातले, मग माझी पर्स धरली.

श्रावणजी वाजवायला लागले आणि पंकज जागेवरून उठून उभा राहिला. मलाही बसवेना. पण निम्म्यावर त्यांचा डावा हात जड पडायला लागला. ऐंशीच्या पुढचं मनगट ते. ताल ढासळणार हे मला कळलं, म्हणजे सगळ्यांनाच कळलं असणार. मामाजी हलले नाहीत. पर्स छातीशी घट्ट धरून ते जमिनीकडे बघत होते.

उजवा हात न थांबवता श्रावणजी म्हणाले, "तुळश्या, डावी बाजू धर."

माझी पर्स खाली पडली. मामाजी त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून उभे राहिले, आणि उरलेलं सगळं त्या दोघांनी एकाच ढोलकीवर वाजवलं, उजवी बाजू एकानं, डावी दुसऱ्यानं. संपल्यावर पंकजनं विचारलं, बोलणं आलंय मध्ये, पुन्हा घ्यायचं का? मी म्हणाले, हात लावलास तर याद राख.

नाशिकला परतून आता पंधरा दिवस झाले. सावजी मटण राहिलंच. सासूबाई रोज दुपारी ते रेकॉर्डिंग ऐकतात आणि भाऊ सामान उचलायचा हे मला पुन्हा सांगतात. मी वादकांची नावं लिहिताना ढोलकीपुढे दोन नावं लिहिली. वाद्यं शोधायला गेले होते. आणली ती एका माणसाची इतक्या वर्षांची सुटलेली खंत, आणि ती कुठल्या यादीत लिहायची हे मला कळत नाही.

काल मामींचा फोन आला. तक्रारीचाच होता. श्रावणजी आता दर दोन दिवसांनी कोराडीहून येतात आणि दोघांना चहा करून करून मामींचा जीव गेला. वर काल एका पार्टीचे लोक दारात आले होते. त्यांचा क्लॅरिनेटवाला आला नव्हता, संध्याकाळी मंडई होती, गाडी घेऊनच आले होते. आणि मामाजींनी त्यांना चक्क परत पाठवलं.

"जन्मात कोणाले नाही म्हटलं नाही या माणसानं," मामी म्हणाल्या. "मी म्हटलं, काहून नाही जात? तर म्हणते, श्रावण येऊन राहिला. त्याची डावी बाजू कोण धरल?"