आमच्या घरचा जोगाप्पा

माझे थोरले काका लुगडं नेसत. हिरवं, काठापदराचं, आणि माझ्या आईपेक्षा चापूनचोपून. (हे आईसमोर बोलायची सोय नव्हती!)

आम्ही निपाणीजवळचे तंबाखू पिकवणारे शेतकरी. काकांना घर आप्पा म्हणे आणि गाव जोगाप्पा. ऐन जवानीत त्यांच्या केसांत जट आली. आमच्याकडं याचा अर्थ एकच, सौंदत्तीच्या यल्लम्मानं बोलावणं धाडलं. आप्पांनी धोतर सोडलं ते सोडलंच. गावातल्या बायका म्हणत, "जट मागनं आली, आप्पा आदीपास्नंच आमच्यातलं!" त्यावर आप्पा नुसते लाजत. आजोबांनी मात्र गावजेवण घातलं आणि भेटेल त्याला सांगितलं, "आमच्या घरात आईचं मानूस आलं!" त्यांच्या तोंडी जोगाप्पा हा शब्द पाटलाच्या वरच्या पायरीवर बसे.

पुढं आजोबा गेले आणि तो शब्द पायऱ्या उतरू लागला. वडील निपाणीच्या व्यापाऱ्यांत उठबस करू लागले. मी बेळगावात मॅट्रिकपर्यंत शिकलो (पास झालो असं मी म्हटलेलं नाही!). बघतो तर काय, कुस्तीत पडेल तो जोगाप्पा, मार खाऊन रडेल तो जोगाप्पा, मिशी फुटत नाही तो तर हमखास जोगाप्पा! शब्द तोच, पण त्यातली देवी निघून गेली होती आणि मागं शिवी उरली होती. वडील तर घरातसुद्धा तो उच्चारेनात.

अशात माझी सोयरीक निघाली. लढाईचे दिवस होते, साखर मिळत नव्हती, आणि मला मुलगीही मिळत नव्हती. आधीच्या पाहुण्यांनी आप्पांना ओसरीवर बघून चहासुद्धा न घेता बैल जुंपले होते. आता संकेश्वरकडची एक मुलगी सांगून आली. ती आजोळी वाढलेली, म्हणून आजी आणि मामा घर बघायला येणार होते. मामा बेळगावात कचेरीत कारकून. त्यांनी आधीच निरोप धाडला, "घराण्यात तसलं काही नाही ना, तेवढं बघून घेऊ." तसलं म्हणजे कसलं, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.

वडिलांनी डोकं चालवलं आणि मुद्दाम शुक्रवार धरला. शुक्रवारी आप्पा पाच घरं जोगवा मागायला जात, ते उन्हं कलल्यावर परतत. पण पुतण्याची सोयरीक! आप्पा तांबडं फुटतानाच निघून, पाच घरं उरकून, कपाळभर भंडारा लावून दारात हजर! आणि तिकडं ओढ्यात पाहुण्यांची गाडी उतरलेली.

"आप्पा," वडील काकुळतीला आले, "तंबाखूच्या खोलीत जरा बसता काय? चोऱ्या लई व्हायलाल्यात."

"दिवसाढवळ्या?"

"व्हय. चोर दिवसाचंच हैत."

आप्पांनी वडिलांकडं पाहिलं, माझ्या नव्या टोपीकडं पाहिलं आणि हसले. "बसतो की. पोराचं लगीन झालं म्हंजे झालं." ते आत गेले आणि वडिलांनी बाहेरून कडी घातली. मला वाईट वाटलं, पण नवी टोपी घातलेला माणूस फार वेळ वाईट वाटून घेत नाही.

पाहुणे घोंगड्यावर बसले. आईनं गुळाचा चहा आणला. मामांनी फुर्र केलं, आजीनं कप लांब सारला.

"आज शुक्रवार. जोगवा वाडल्याबिगार मी पान्यालाबी शिवत न्हाय. पहाटं निघालो, तवा वाडायचा ऱ्हायला बगा." तिनं ओच्यात बांधून आणलेले जोंधळे चाचपले. "तुमच्या गावात जोगाप्पा असंल की!"

"न्हाय!" वडील एवढ्यानं ओरडले की मामांच्या कपातला चहा हिंदकळला. "आमच्या गावात तसलं कायबी न्हाय!"

आणि माशी शिंकली. म्हणजे खरोखरच शिंकली! जरद्याच्या ढिगात बसलेल्या माणसानं तरी किती दम धरायचा?

"घरात कोन हाय?" मामांनी विचारलं.

"म्हस," वडील म्हणाले.

मला गप्प बसायची ताकीद होती. पण बापाची अब्रू राखायला मुलगा नाही तर कोण धावणार? मी म्हणालो, "तिला पडसं झालंय." (मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणाचा आयुष्यात हा एकच उपयोग झाला.)

तेवढ्यात दुसरी शिंक आली आणि तिच्यामागोमाग खणखणीत आवाज, "उदं गं आई, उदं!"

मामांनी कप खाली ठेवला. "म्हस देवीचं नाव घेती?"

आजी कंबरेवर हात ठेवून उठली. "आसली म्हस मला बगायचीच हाय!" असं म्हणत तिनं स्वतः कडी काढली.

आप्पा बाहेर आले. हिरव्या लुगड्यावर तंबाखूचा चुरा, जटेत काड्या, डोळ्यांतून धारा. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"जोगाप्पा?" मामा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द तालमीतल्या मातीसकट आला.

"जोगाप्पा!" आजी म्हणाली आणि तिनं आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. माझे आजोबा हा शब्द असाच म्हणत. इतक्या वर्षांनी तो आमच्या ओसरीवर पुन्हा ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"अव्वा, ऊठ," मामा कुजबुजले. "बेळगावात ह्या शब्दाला लोक हसत्यात गं."

"तुज्या बेळगावानं शबूद नासवला तर त्यात माजा काय दोष? दूद नासलं म्हनून म्हशीला हाकलतोस व्हय?" मग ती वडिलांकडं वळली. "आनि तुमी! आईचं मानूस घरात आसताना कडी लावून तंबाकूत ठेवता? तुमचं कोन हे? मोट्यानं सांगा, न्हायतर मी ह्या घरात पोरगी देत न्हाय!"

कुंपणापाशी निम्मा गाव जमला होता. वडिलांनी पागोटं सारखं केलं आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो माजा थोरला भाऊ. आमच्या घरचा जोगाप्पा!"

आप्पांच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली. तंबाखू झोंबते, असं ते म्हणाले. वडिलांनाही झोंबली. ते तर खोलीत गेलेही नव्हते! माझी छाती मात्र अशी फुगली की नव्या सदऱ्याचं बटण तुटलं. पुढं गावात कुणी कुणाला जोगाप्पा म्हणून चिडवलंच, तर वडील ताडकन विचारत, "एवढी लायकी हाय व्हय रं त्याची?"

आजीनं ओच्यातले जोंधळे आप्पांच्या परडीत घातले, पाणी प्याली आणि सुपारी आप्पांच्याच हातानं फोडून घेतली. सोयरीक पक्की झाली. हरलेल्या मामांनी शेवटचा प्रयत्न केला, "अव्वा, पोराला कायतरी इचार तरी!"

आजीनं मला टोपीपासून पायापर्यंत एकवार न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला. "एवडं चांगलं घर मिळाल्यावर पोराचं काय घिऊन बसलास? घिऊ चालवून!"

बायकोनं आजीचा शब्द मोडलेला नाही. ती मला अजून चालवूनच घेते आहे.