बाकावरचा पिवळा बॉल

कुलकर्णी काकूंची मूठ उघडेना. महिन्यापूर्वी जी बोटं माझ्या हातात अलगद उलगडत होती, ती आता एकेक करून सोडवावी लागत होती. तळव्यावर नखांचे ठसे उमटले होते. मी स्प्लिंट तपासला. स्प्लिंट म्हणजे हाताला योग्य आकारात धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा. तो ठीक होता. पट्टे ठीक होते. हात तेवढा बिघडत चालला होता.

"काका, घरी व्यायाम होतो ना?"

"तुम्ही सांगितलं ते सगळं," काकूंचे यजमान छाती काढून म्हणाले. "वर थोडं जास्तच."

"जास्तच," काकूंनी दुजोरा दिला. "मला श्वास घेऊ देत नाहीत."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. निवृत्त झाले, तरी उस्मानपुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात अजून जाते. लोक मला फिजिओच समजतात. मी सांगते, ते तुम्हाला उभं करतात. उभं राहून पोळ्या कशा लाटायच्या, तो भाग माझ्याकडं. माझी नात मैत्रिणींना सांगते, "आमची आजी मोठ्या माणसांना खेळवते." अगदीच खोटं नाही.

पंचविशीत मला बघायला हवं होतं तुम्ही. कडक इस्त्रीचा पांढरा अ‍ॅप्रन, तोंडात अखंड इंग्रजी आणि काखेत पेगबोर्ड, म्हणजे भोकं पाडलेली लाकडी फळी. भोकांत खुंट्या बसवायच्या. लकवा झालेला येवो की हात मोडलेला, बाईसाहेब फळी पुढं सरकवायच्या. एका पहिलवानाला मी खुंट्यांचं कमळ करायला लावलं होतं. बिचारा अ‍ॅप्रनला घाबरून करायचा. त्याला कमळ कशाला हवं होतं, हे विचारायचं बाईसाहेबांना सुचलं नाही.

आता पहिला प्रश्न तोच विचारते. हा हात तुम्हाला कशासाठी हवाय?

काकूंचा डावा हात स्ट्रोकनं गेला होता. बोलणं शाबूत होतं, चांगलंच शाबूत. त्या म्हणाल्या, "ब्लाउजचे हुक मला लावायचेत. सध्या हे लावतात. जन्मभर कचेरीत फायली नीट लावल्या, पण माझा वरचा हुक खालीच जातो."

हुक लावायला दोन्ही हात लागतात. एकानं कापड धरायचं, दुसऱ्यानं हुक अडकवायचा. काकूंचा डावा हात आपोआप घट्ट मिटायचा. स्ट्रोकनंतर पुष्कळांचं असं होतं. म्हणून त्यांचा सगळा कार्यक्रम उघडण्याचा होता. तळवा टेबलावर पसरून त्यावर हलका भार द्यायचा. स्प्लिंट लावायचा. मूठ वळायला लावायची नाही.

तरी मूठ वळत होती.

काकूंना टेबलाशी बसवून मी पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेर आले. बाहेर बाक आहे. आमच्याकडं बाकावर कुणी गप्प बसत नाही. "तुम्हाला काय दिलं?" इथून सुरुवात होते. मग तेलं, गोळ्या, छावणीतल्या कुठल्याशा वैद्याचा पत्ता, सगळं इकडून तिकडं जातं. ज्याला गुण आला त्यानं दुसऱ्याला सांगायचं नाही म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं.

बाकावर प्रज्ञा बसली होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ती प्रेस मशीनवर होती. पत्र्याच्या कडेनं उजव्या हाताची दोन बोटं आतून कापली गेली होती. बोट मिटवणारी एक दोरी असते, टेंडन म्हणतात तिला. सर्जननी दोन्ही दोऱ्या शिवल्या आणि पोरीला माझ्याकडं पाठवलं. शिवलेली दोरी फार नाजूक असते. अजिबात हलवली नाही तर आजूबाजूला चिकटते, जोर लावला तर टाका सुटतो. म्हणून हाताच्या पाठीवर ढालीसारखा स्प्लिंट, आणि त्याच्या आतल्या आत बोटं हळूच मिटायची, उघडायची. काहीही घट्ट धरायचं नाही. अगदी टॉवेलसुद्धा.

प्रज्ञाचा स्प्लिंट मांडीवर होता. उजव्या हातात पिवळा बॉल होता, हसरं तोंड काढलेला. ती दातओठ खाऊन तो दाबत होती. मुठीतून बॉलचं अर्धं हसू बाहेर आलं होतं. मघाशीच बाहेर आलेले काका शेजारी बसून कौतुकानं बघत होते.

"सोड!" मी ओरडले.

दवाखान्यात मी कधी ओरडत नाही. बॉल उड्या मारत फार्मसीच्या खिडकीपर्यंत गेला. सगळा बाक उठून उभा राहिला.

"काय झालं मॅडम?" प्रज्ञा पांढरीफटक पडली.

"हा कुणी दिला?"

"काकांनी. मागल्या खेपेला."

"मी दिला," काका हसून म्हणाले. "दोन आणले होते गुलमंडीवरून. एक हिला आणि एक आमच्या हिला." त्यांनी पिशवीतून दुसरा बॉल काढला. तोही हसत होता.

मी त्या दुसऱ्या बॉलकडं बघतच राहिले. काकूंची मूठ का मिटत चालली होती, ते त्या बॉलवर लिहिल्यासारखं दिसत होतं. जो हात आधीच आवळला जातो, त्याला हे रोज आवळायला शिकवत होते.

पण काकूंचा हात थोडा वेळ थांबू शकत होता. प्रज्ञाचा नाही.

तिला आत घेतलं. कोपर टेबलावर, हात सैल. "घरी पण दाबला?"

"व्हय. सकाळ-संध्याकाळ." ती स्प्लिंटकडं बघत म्हणाली, "तुमचा व्यायाम म्हंजे नुसती बोटं हालवायची. काका म्हणले, जोर लावल्याबिगर काय येत नाय. कंपनीतून फोन येतेत मॅडम, कधी येती म्हणून. मला वाटलं लवकर होईल."

तुटलं आहे का, हे बघायची एक सोपी रीत आहे. तुम्हीही आत्ता करून बघा. हात सैल सोडून मनगट मागं वाकवा, बोटं आपोआप आत वळतात. दोरी तुटलेली असेल तर ते बोट वळत नाही.

मी तिचं मनगट हळूच मागं नेलं. तर्जनी वळली. मधलं बोट वळलं. करंगळी वळली. अनामिका तशीच सरळ राहिली.

मी तिचा हात पुन्हा टेबलावर ठेवला.

"भीतीनं ताठ धरलायस हात," मी म्हणाले. ती ताठ होती हे खरं, पण ते मी स्वतःलाच सांगत होते. "डोळे मीट. आई काय करतेय आत्ता घरी?"

"भाकरी करत आसंल."

"कशाची?"

"ज्वारीची," ती म्हणाली, आणि हात सैल पडला. मी पुन्हा मनगट मागं नेलं. अनामिका उशिरानं निघाली, अर्ध्या वाटेवर थांबली. पण निघाली.

सर्जनना तिथूनच फोन केला. त्यांनी त्याच दुपारी तपासलं. दोरी तुटली नव्हती, ताणली गेली होती. "नशीब," एवढंच ते म्हणाले, आणि माझ्यावर डाफरले ते वेगळंच.

मी फोन ठेवला तेव्हा काका दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "दुसराही बॉल बंद, काका. काकूंची मूठ त्यानंच आवळतेय," मी म्हणाले.

"म्हणजे हिची मूठ..." ते काकूंकडं बघून म्हणाले, "मीच मिटवत होतो?"

मी काही बोलायच्या आत काकू कडाडल्या, "मॅडमनी सांगितलंय म्हणून माझ्याकडून दाबून घेत होतात ना? मॅडम, तुमचं नाव घेत होते हो हे! मला वाटायचं, ही बाई रोज एवढा छळ का करायला लावते."

काका खाली बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. काकूंनी चांगल्या हातानं पदराचं टोक त्यांच्याकडं सरकवलं.

काकूंची मूठ पुन्हा सैल व्हायला बरेच महिने गेले. परवा त्या आल्या तेव्हा हुक त्यांनी स्वतः लावले होते. मधला चुकला होता. काका नीट करायला पुढं झाले तर म्हणाल्या, "हात लावू नका. तो माझा चुकलाय."

प्रज्ञाचं बोट तळव्याला अजून टेकत नाही, टेकणारही नाही. प्रेसवर तिला परत घेतलं नाही, इन्स्पेक्शनला, माल तपासायला टाकलं. बसून काम आहे म्हणते. बाकावर काका दिसले की हात वर करते. "मॅडम, मूठ पुरी व्हत नाय. पण काकांना दाखवण्यापुरती व्हती."

आता नव्या पेशंटला मी काय करायचं ते नंतर सांगते. आधी सांगते, हा व्यायाम म्हणजे तुमचा दात घासायचा ब्रश. शेजाऱ्याला द्यायचा नाही, त्याचा घ्यायचा नाही. सगळे मान डोलावतात, बाहेर जाऊन बाकावर बसतात आणि शेजाऱ्याला विचारतात, "तुम्हाला काय दिलं?"

म्हणून मी आता माझी खुर्ची दाराबाहेर, बाकासमोर टाकून घेतली आहे.