चॅपेलच्या वळणावर डावीकडे

बेरिल हॉरॉक्स सत्तावन्न वर्षांची होती आणि तिला आता पळायचं नव्हतं. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, कारण केनला सांगितलं असतं तर तो आनंदानं उठून चहा ठेवायला गेला असता, आणि तेवढा आनंद तिला सहन झाला नसता. केनचं म्हणणं एकोणीस वर्षं एकच होतं. "अगं, पळून पळून शेवटी निघालीस तिथंच येतेस. मग जातेस कशाला?"

ती रॅवेनशॉच्या प्राथमिक शाळेत स्वयंपाकघरात काम करायची. दोनशे दहा पोरांचं जेवण, मग दोनशे दहा ताटं. अडतिसाव्या वर्षी, धाकटी मुलगी शाळेत जायला लागली त्या हिवाळ्यात, शेजारणीच्या आग्रहाखातर ती गावातल्या पळणाऱ्यांच्या क्लबात गेली. शेजारीण तीन आठवड्यांत थांबली. बेरिल राहिली. कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा क्लबात सत्तर माणसं होती. गिरण्या बंद पडल्या, तरुण मँचेस्टरला गेले, आणि आता शनिवारी दुपारी व्हॅनमध्ये चढताना डेरेक ग्रिमशॉला डोकी मोजायला दोन्ही हातांची बोटं संपली की वर दोन-तीनच उरत. डेरेक क्लबचा सचिव. दिवसा तो पोस्टात टपाल वाटे आणि उरलेला वेळ लोकांना फोन करून "शनिवारी येतेस ना" असं विचारण्यात घालवी.

इंग्लंडच्या लँकेशरमधल्या त्या डोंगराळ पट्ट्यात हिवाळी लीग म्हणजे ऑक्टोबर ते मार्च आठ शर्यती, दर वेळी वेगळ्या गावात. क्लब मोजला जायचा तो सहा पुरुष आणि चार बायकांवर. चारपैकी एक जरी कमी पडली तरी संघ अपुरा. एका मोसमात दोनदा संघ अपुरा, की क्लब लीगबाहेर. रॅवेनशॉमध्ये पळणाऱ्या बायका उरल्या होत्या नेमक्या चार: दोन जावा, एक नर्स आणि बेरिल. डिसेंबरात नर्सला रजा मिळाली नाही आणि त्यांचा संघ एकदा अपुरा पडून चुकला होता. म्हणजे जानेवारीत हिगमूरच्या शर्यतीला बेरिलनं पळायचं, आणि पूर्ण करायचं, यात निवडीचा प्रश्नच नव्हता. ती सगळ्यात हळू होती. पण चौथी तीच होती.

नोव्हेंबरपासून तिला सकाळी उठताना टाचा टेकवत नसत. जिना ती उलटी उतरायची, कठडा धरून, मुलगी लहानपणी उतरायची तशी. डॉक्टरनं वय विचारलं आणि पुढं काही विचारलं नाही.

हिगमूरला त्या दिवशी जे पडत होतं ते धड पाऊस नव्हतं, धड बर्फ नव्हतं. गावच्या सभागृहासमोर सव्वाशे-दीडशे माणसं छातीवर कागदी क्रमांक टाचून, उघड्या मांड्यांवर हात चोळत उभी होती. ही शर्यत पूर्वापार पाच मैलांची. चॅपेलपर्यंत, म्हणजे डोंगरावरच्या छोट्या चर्चपर्यंत, चार मैल जायचं, तिथं उजवीकडे वळायचं, आणि दगडखाणीच्या रस्त्यानं मैलभर उतरून सभागृहापाशी यायचं. या वर्षी लीगनं ती साडेसहाची केली होती. चॅपेलला आता डावीकडे वळायचं, धरणाला वळसा घालायचा, आणि मग खाली यायचं. डेरेकनं हे व्हॅनमध्ये दोनदा वाचून दाखवलं. वॉल्टर पिलिंगनं मान डोलावली, कारण चॅपेलचं वळण त्याचं होतं.

प्रत्येक क्लबानं दोन माणसं रस्ता दाखवायला द्यायची असा नियम होता. वॉल्टर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गुडघे गेल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, तो हिगमूरला चॅपेलच्या वळणावर पिवळा डगला घालून उभा राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला हातानं रस्ता दाखवायचा. बेरिलला तो अजूनही "पोरी" म्हणायचा.

दोनला शर्यत सुटली. दुसऱ्या मैलाला पॉलीन तिच्या शेजारून पुढं गेली. पॉलीन शेजारच्या गावच्या क्लबाची, अकरा वर्षं दर शर्यतीला बेरिलला इथंच कुठंतरी मागं टाकणारी. जाता जाता ती म्हणाली, "चहा ठेवते गं तुझ्यासाठी, सावकाश ये." नंतर चढ लागला. पुढचे लोक धूसर होत होत दिसेनासे झाले, मागचे अजून चढाच्या खाली होते. आपल्या बुटांचा चपचप आवाज ऐकत ती पावलं मोजत राहिली. शंभर झाली की पुन्हा एकपासून. डोक्यात दुसरं काही ठेवलं तर ते उचलावं लागतं, असं तिचं मत होतं.

चॅपेलपाशी वॉल्टर होता. सगळ्यांच्या पुढं रस्ता दाखवत जाणाऱ्या सायकलवाल्याच्या मागून सगळा घोळका डावीकडे गेला तेव्हा त्याला काही करावंच लागलं नव्हतं, मेंढरं जातात तसे ते एकामागून एक गेले होते. आता बराच वेळ कुणी नव्हतं. आणि मग समोरून त्याच्याच क्लबाची बेरिल आली, गेली एकोणीस वर्षं येत होती तशी, मान थोडी डावीकडे कलवून. वॉल्टरचा हात उजवीकडे गेला. बेरिलनं तो पाहिलासुद्धा नसेल, तिचे पाय आधीच उजवीकडे वळले होते. तो म्हणाला, "शाब्बास पोरी, आता उतारच आहे." आणि ती उतरली.

सभागृहाच्या अलीकडे दोऱ्या बांधून एक अरुंद गल्ली केलेली असे. तिच्यातून एकामागून एक जायचं. टोकाला एक बाई हातात पत्र्याचा गोल बिल्ला द्यायची, त्यावर तुम्ही कितवे आलात तो आकडा. तो बिल्ला आपल्या क्लबाच्या सचिवाकडे न्यायचा, तो कार्डावर नाव लिहायचा. बेरिलनं बिल्ला घेतला आणि चार पावलं चालून थांबली.

काहीतरी बरोबर नव्हतं. ती नेहमी पोचायची तेव्हा लोक कोरडे कपडे घालून दारात गप्पा मारत असायचे आणि केकच्या ताटात चुरा उरलेला असायचा. आता सगळे धापा टाकत होते. तिच्या पुढच्या माणसाला ती ओळखत होती. तो एक लांबलचक तरुण शिक्षक होता आणि त्याला तिनं कधी पळताना पाहिलंच नव्हतं, फक्त नंतर कोट घातलेलं पाहिलं होतं. तिनं बिल्ला पाहिला. बासष्ट. तिनं पॉलीनला शोधलं. पॉलीन तिच्या पुढं होती, आणि पॉलीन अजून आलेली नव्हती.

मग तिला धरण आठवलं. आज तिनं पाणी पाहिलंच नव्हतं.

डेरेक कार्ड नि पेन्सिल घेऊन धावतच आला. तिचा चेहरा न बघता तो आधी आकडा बघत होता. बासष्ट म्हणजे काय याचा त्याला नीट अर्थ लागत नव्हता, पण आनंद व्हायला लागला होता. बेरिलनं हळू आवाजात सांगितलं की ती उजवीकडे वळली.

डेरेकनं पेन्सिल खाली केली. आजूबाजूला पाहिलं. "कुणी बघितलं?"

"वॉल्टरनं."

"वॉल्टर म्हणजे कुणी नाही," तो म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं. डेरेक लबाड माणूस नव्हता. तो दमलेला होता. गेली सहा वर्षं तो क्लबाला एकेका शनिवारी उचलून पुढं ठेवत होता. त्यानं पाय बदलला, नाक पुसलं, आणि म्हणाला की तिनं बिल्ला परत केला तर ती बाद, ती बाद तर बायका तीन, आणि तीन म्हणजे दुसऱ्यांदा अपुरे. म्हणजे संपलं. तो तिला काही कर असं म्हणत नव्हता, फक्त कसं आहे ते सांगत होता.

बेरिलला ते माहीत होतं. खरं तर त्यातलं एकच वाक्य तिच्या कानात घुमत राहिलं. संपलं. बिल्ला परत करायचा, खरं ते बोलायचं, कुणाला तोंड लपवायला नको, आणि पुढच्या शनिवारी घरी बसायचं. त्याच्या पुढच्याही. आयुष्यात एवढी सोपी, एवढी स्वच्छ सुटका तिला कुणी दिली नव्हती. ती हात पुढं केला की मिळत होती. तिनं डेरेककडे पाहिलं. त्याच्या भुवयांवर बर्फाचे कण बसले होते आणि तो कार्डावरचा तिच्या नावापुढचा रिकामा चौकोन अंगठ्यानं झाकून उभा होता, जणू तो दिसला नाही तर भरलेला धरता येईल.

ती वेळ नोंदवणाऱ्या एंटविसल साहेबांकडे गेली. ते बँकेतून निवृत्त झालेले कारकून होते, छत्रीखाली उभे, दोन्ही हातांत एकेक घड्याळ. तिनं बिल्ला त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं की रस्ता चुकलेल्या माणसानं काय करायचं असतं.

"चुकलात तिथं परत जायचं आणि तिथून पुढचं पळायचं," एंटविसल म्हणाले. नियम विचारला की त्यांना बरं वाटे. "कुठं चुकलात?"

"चॅपेलला."

त्यांनी चष्म्यावरून वर डोंगराकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. मैलभर चढ, त्याचं काही मोजलं जाणार नाही. मग धरणाचा वळसा धरून अडीच मैल. त्यांनी तो हिशेब मोठ्यानं केला नाही.

"घड्याळ कधी थांबवता?" बेरिलनं विचारलं.

"शेवटचा माणूस आला की. तुम्ही बाहेर आहात तोवर शेवटच्या तुम्ही." त्यांनी बिल्ला घेऊन खिशात टाकला आणि वहीत बासष्टवर काट मारली. "पण बाई, मला संधिवात आहे. तेवढं लक्षात असू द्या."

ती परत वळली. उभं राहिल्यामुळं पिंढऱ्या आखडल्या होत्या. पहिली पन्नास पावलं तिला स्वतःचीच लाज वाटेल अशी पडली. सभागृहाच्या वरच्या वळणावर पॉलीन समोरून आली, लाल झालेली, शेवटचा जोर लावत. तिनं बेरिलला उलट दिशेनं येताना पाहिलं आणि तिचा जोरच गेला. "अगं ए बये, शर्यत इकडं आहे."

"माहितीये," बेरिल म्हणाली आणि खाणीच्या रस्त्याला लागली.

त्या चढाबद्दल नंतर तिला काही सांगता यायचं नाही. ती पळाली, मग चालली, मग पुन्हा पळाल्यासारखं केलं. या पावलांची कुठं नोंद होत नव्हती. एका ठिकाणी ती दगडी कुंपणाला हात टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं की इथून घरी जाण्यासाठी एखादी बस असेल का. इथं बस कधीच नव्हती.

चॅपेलपाशी अजून पिवळा डगला होता. शेवटचा धावपटू जाऊन अर्धा तास झाला असेल. रस्ता दाखवणाऱ्यानं तेव्हाच डगल्याची घडी घालून खाली जायचं असतं. वॉल्टर जागचा हलला नव्हता. त्याचा डावा हात सरळ डावीकडे ताणलेला होता, आणि ती दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तो तसाच असावा, कारण बाहीवर बर्फाची बारीक रेघ जमली होती.

"मागच्या घोळक्यात हिगमूरचा एक जण होता," वॉल्टर म्हणाला. त्याचे ओठ नीट हलत नव्हते. "त्यांनाही मी उजवीकडेच हात केला. तो म्हणाला, आजोबा, धरण. तेव्हा कळलं."

"मी पण वळलेच ना आपली आपण."

"मी दाखवलं म्हणून." त्यानं उताराच्या रस्त्याकडे पाहिलं. "खाली सांगायला जाणार होतो. पण म्हटलं, मी खाली गेलो आणि तू वर आलीस, तर इथं कुणीतरी नको का?"

थांबली तर पुन्हा निघता येणार नाही हे बेरिलला माहीत होतं. तिनं जाता जाता त्याचा ताणलेला हात खाली केला. तो लाकडासारखा होता. "खाली जा, वॉल्टर. गरम काहीतरी पी. मी येते."

धरणाच्या कडेचा रस्ता सपाट होता, आणि सपाट रस्त्यावर थकवा लपत नाही. पाण्यावरून वारा सरळ येत होता. उजेड चालला होता. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं, भांडी विसळलेल्या पाण्याचा असतो तसा, आणि हा रंग ती आठवड्याचे पाच दिवस बघत होतीच. तिला वाटलं होतं की खरं वागल्यावर आत कुठंतरी हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. टाचा दुखत होत्या तशाच दुखत होत्या. फक्त पावलांची मोजणी पुन्हा सुरू झाली, शंभर झाली की एकपासून, आणि या वेळची मोजली जाणार होती.

ती खाली आली तेव्हा दोऱ्या सोडलेल्या होत्या. मोटारी निघून गेल्या होत्या. सभागृहाच्या दाराच्या पिवळ्या उजेडात एंटविसल साहेब छत्री धरून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी पॉलीन, कोट घालून, हातात कपावर बशी झाकलेला चहा. डेरेक थोडा मागं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एंटविसलनी घड्याळ थांबवलं, आकडा लिहिला, खिशातून एक बिल्ला काढून तिच्या हातात दिला. एकशे सदतीस. "नोंदलं," एवढंच म्हणाले आणि छत्री मिटून आत गेले.

"चहा थंड झालाय," पॉलीन म्हणाली. "दुसऱ्यांदा केलेला थंड झालाय."

आत बेरिल बाकावर बसली. वॉल्टर हीटरला चिकटून बसला होता, डोळे मिटून. डेरेकनं कार्डावर चौथं नाव लिहिलं, त्याखाली रेघ मारली. सगळं धरून रॅवेनशॉ शेवटून दुसरं. पण पूर्ण. त्यानं कार्ड घडी करून आतल्या खिशात ठेवलं आणि तिच्याशेजारी बसला. त्याला जे विचारायचं होतं ते बेरिलला ठाऊक होतं. दोन आठवड्यांनी पुढची शर्यत होती. क्लब लीगमध्ये होता, म्हणजे चौथी लागणार होती. आपण आज डोंगरावर परत कशासाठी गेलो याचा हा दुसरा अर्थ तिला तिथं वरही कळला होता, चढतानाच, पण तेव्हा त्यावर विचार करायला दम नव्हता.

डेरेकनं पुढच्या शर्यतीची यादी काढली. बाकीच्या तिघी बायकांची नावं लिहिली आणि पेन्सिल कागदावर तशीच टेकवून ठेवली. तिच्याकडे पाहिलं नाही.

"लिही," बेरिल म्हणाली. मग बूट काढायला वाकली. नाड्या भिजून फुगल्या होत्या आणि बोटांना गाठ सापडेना. वाकूनच ती म्हणाली, "मार्चपर्यंत. नंतर मला फोन करायचा नाही, डेरेक. अजिबात."

"नाही करणार."

"आणि वॉल्टरचं पण लिही. कुठंतरी सरळ रस्त्यावर उभं कर त्याला."

"सरळ रस्त्यावर माणूस लागत नाही गं."

"लागतो म्हणून लिही."

डेरेकनं लिहिलं. मग खाली गुडघ्यावर बसून तिच्या बुटाची गाठ सोडवायला लागला.