मूठ आमची, पातं त्यांचं

भूत, भानामती, अंगात येणं — यातलं मी आजवर काहीच मानलं नाही. शाळा चौथीत सुटली, पण डोळ्यानं पाह्यल्याबिगर मान हलवायची नाही, हा माहा स्वभाव. हे पोरगी टाइप करून राहिली, शब्द माहे आहेत. तिनं सुधारले तं छापाले पाठवू देणार नाही.

आमचं गाव बाळापूरजवळ. घरात एक जुनी तलवार आहे, दसऱ्याले पूजेत मांडतो. शेंदूरजनाघाटले माहा चुलतभाऊ नामदेव राहते, आमचे आजोबा सख्खे भाऊ. त्याच्याही घरी एक तलवार आहे. घराण्याची खरी कोणती, यावरून आमचं बोलणं बंद होतं. शेवटचं बोलणं एका लग्नाच्या पंगतीत. चारचौघांत मले म्हणे, "दादा, तुह्या तलवारीनं संत्रं तरी सोलल्या जाते काय?"

मी ताटावरून उठलो. तवाच ठरवलं, जाणकाराकडून पक्कं करून आणायचं अन् याच्या तोंडावर मारायचं.

पोरगी अमरावतीले शिक्षिका आहे. तिच्या ओळखीचे एक रिटायर वकील जुनी हत्यारं जमवतात. मागच्या हिवाळ्यात तलवार घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून लई वेळ पाह्यलं.

"काका, मूठ फार जुनी आहे. पण पातं या मुठीचं नाही. गावच्या लोहारानं ठोकलेलं दिसतं."

"माह्या आज्याची हाये ते," मी म्हटलं.

"आजोबांचीच असेल. अर्धी."

माही तार सटकली. म्हटलं, खोलून दाखवा. पातं मुठीत लाखेनं बसवलेलं असते. भर दुपारी अंगणात शेगडी मांडून त्यांनी मूठ हळूहळू तापवली. लाख पाघळली, पातं हातात आलं. मुठीले खिळ्यासाठी आरपार छिद्र होतं, पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीले छिद्रच नाही. अन् पातं ढिलं पडू नये म्हणून मुठीच्या पोकळीत चिंधी कोंबलेली... दर दसऱ्याले ज्याच्यापुढे डोकं टेकवलं, त्याच्या आत चिंधी.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. नामदेव होता. त्या पंगतीपासून त्यानं आमच्यात कोणालेच फोन केला नव्हता. तिनं मले दिला.

"दादा, तुही तलवार जागेवर हाये काय?"

"काहून?"

"आमची आत्ता सुटली. मूठ खुंटीवर तशीच, पातं खाली. कोणी हात नाही लावला. अन् मूठ काढाले गेलो तं चटका बसला मले. देवघरात ना ऊन, ना चूल."

मी शेगडीकडे पाह्यलं.

"पात्याच्या शेपटीले छिद्र हाये काय?" मी विचारलं.

"हाये. मुठीले नाही. तुले कसं कळलं?"

चार-आठ दिवसांनी तो पातं घेऊन अमरावतीले आला. वकीलसाहेबांनी ते आमच्या मुठीत सरकवलं. छिद्रावर छिद्र आलं, खिळा आरपार गेला. म्हणजे आमच्या दोघांच्या आजोबांनी वाटणीत तलवारही वाटून घेतली होती — एकानं मूठ, एकानं पातं. राहिलेलं अर्धं ज्यानं त्यानं लोहाराकडून करून घेतलं, अन् पोरांले सांगतलं, खरी आपलीच.

इथवर समजते. वकीलसाहेब म्हणतात, जुनी लाख आपोआपही सुटते. सुटत असंल. आपोआप तापते काय, असं विचारलं तं ते चष्मा पुसत बसले.

मले नामदेववरच शंका होती. अंगणात एकटा पाहून विचारलं, "चटक्याचं खोटं तं नाही बोलून राहिला?"

तो म्हणे, "खोटंच बोलायचं असतं दादा, तं माही तलवार अर्धी निघाली, हे तुले कायले सांगतलं असतं?"

हे मले पटलं. मी नसतं सांगतलं.

यंदा दसऱ्याले ते जोडलेली तलवार त्याच्या घरी होती. मीच नेऊन दिली. पूजा झाल्यावर त्यानं ते माह्या हातात दिली, अन् मी पयले मूठ चाचपून पाह्यली. थंड होती. अजूनही हातात घेतली की आधी तेच पाहतो.